नेढं नसलेली सुई

१५ जानेवारी

योगिनी काल आली. संक्रांतीला दरवर्षी येते, दोन दिवस राहते आणि जाते. या वेळी पुण्याच्या कंपनीतून रजा काढून आली आहे, जूनअखेरपर्यंत. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमच्या पिनांकडे कोणीतरी बघायला हवं, आप्पा." इतकी वर्षं मग मी काय करत होतो, ते मी विचारलं नाही.

ही डायरी हार्डवेअरच्या दुकानातून मिळाली. एरवी कुणाला तरी देऊन टाकतो. वत्सला होती तोवर दिवसभरात काय झालं ते मी जेवताना तिला सांगत असे. ती ऐकत होती की नाही, देव जाणे. मध्येच म्हणायची, "आमटी घ्या." तेवढं पुरे असायचं. योगिनीला सांगायला गेलं की ती प्रश्न विचारते. म्हणून इथे लिहितो.

१८ जानेवारी

पंचवटीतल्या घरून सातपूरला, पिनांच्या शेडमध्ये, दोघं एका स्कूटरवर जातो. ती चालवते, मी मागे. पुलावर म्हटलं, जरा हळू. म्हणाली, "हळूच आहे. तुम्ही डोळे उघडा."

शेड तिनं लहानपणी पाहिलेलीच आहे. तरी आज नव्यानं पाहत होती. एक हातप्रेस. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पोलादी साचा, मी स्वतः घासून बसवलेला. पत्र्याची बोटभर पट्टी त्यात ठेवायची, खाचेत केसासारखी पोलादी तार, वरून दाब. पत्रा दुमडतो, तार पकडतो, तीच मूठ. झाली स्टोव्हची पिन. स्टोव्हचं तोंड काजळीनं बुजलं की ही तार आत घालायची. एकेकाळी हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

चिमणाबाई पिना डझनावर पुठ्ठ्याला लावते. तिनं योगिनीला विचारलं, "ताई, ऱ्हायला आल्या का बघायला?"

"कामाला आले."

"मंग बसा. पुठ्ठे हाय तिथं."

योगिनी बसली. दुपारपर्यंत बोटं टोचून घेतली.

४ फेब्रुवारी

मोम्बासाहून करीमभाईंची ऑर्डर आली. ते आता लिहीत नाहीत, फोनवर बोलून पाठवतात. "सावलीरामभाई, हमेशा जितना. जल्दी नहीं है, आराम से भेजना. बिटिया अभी है ना आपके पास?"

आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आधी टेलेक्स होता, मग फॅक्स. पूर्वी पिना सुदानला जायच्या, येमेनला, टांझानियाला, श्रीलंकेला. एकेक बंद झालं. मोम्बासा राहिलं. वत्सला गेली त्या महिन्यातही त्यांनी ऑर्डर पाठवली होती, आणि नेहमीपेक्षा मोठी.

योगिनीला ऐकवलं. म्हटलं, बघ, मागणी आहे. ती म्हणाली, "हो."

मनातलं इथे लिहून ठेवतो. पिना चालू आहेत तोवर तिला इथे काम आहे. पिना बंद झाल्या तर ती दुसऱ्या दिवशी जाईल, आणि जायलाच हवं. एवढं शिकलेल्या मुलीनं बापाच्या भाकरी थापायला राहायचं नाही, आणि मी राहू देणार नाही. म्हणून पिना जूनपर्यंत बंद पडता कामा नयेत. तिला मात्र सांगितलं की धंद्यात शब्द पाळावा लागतो.

१३ फेब्रुवारी

योगिनीला पिन वापरतानाचा व्हिडिओ काढायचा होता. पंचवटीत स्टोव्ह सापडला नाही. आमचा वत्सलानंच केव्हा तरी भंगारवाल्याला दिला होता; मला आजच आठवलं. तीन-चार ओळखीच्या घरी विचारलं. एका घरी सुनेनं कॉफीचं यंत्र आणून दाखवलं.

शेवटी चिमणाबाईनं सायखेड्याहून भावाचा आणला. पितळी, चांगला जड. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती म्हणे.

"पेटव की," मी म्हटलं.

"कशानं, शेठ? राकेल कुठं हाय? रेशनवरनं जाऊन जमाना झाला."

स्टोव्ह तसाच टेबलावर ठेवला. तिघं त्याच्याकडे बघत बसलो. नाशकात एक स्टोव्ह मिळेना, आणि आम्ही पिना करतो.

"आप्पा," योगिनी म्हणाली, "तुम्हाला हसू येतंय का?"

येत होतं.

२६ फेब्रुवारी

आज वाद झाला. भांडण नाही म्हणणार.

ती कंपनीत निर्यातीचं काम बघते, त्यामुळे तिच्या डोक्यात आकडे असतात. म्हणाली, देशातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंची एक यादी असते. प्रत्येक वस्तूची एक ओळ. ज्याची यादी लांब तो देश सावरलेला. एकाच वस्तूवर बसलेला देश त्या वस्तूबरोबर बुडतो.

"मग आमची पिन आहे ना यादीत? राहू दे. यादी तेवढी लांब."

"तसं होत नाही. लांब यादीचे देश बघा, तिथे सारख्या वस्तू गळत असतात. गळतात त्याहून नव्या जास्त येतात, म्हणून यादी लांब. जिथे काही गळत नाही तिथे नवंही फारसं येत नाही. माणसं, यंत्रं, जागा, सगळं जुन्यात गुंतलेलं असतं."

"म्हणजे आधी मरायचं."

"मी मरायचं म्हटलं नाही, गळायचं म्हटलं."

"आमच्या वयाला दोन्ही सारखंच."

चिमणाबाई पुठ्ठ्यावरून मान वर न करता म्हणाली, "ताई, नका शेठला पिना मारू. आधीच तोंड काजळलंय त्यांचं."

कुणी हसलं नाही. योगिनी उठली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागली. माझ्या उत्तरानं तिला तिची आई आठवली असणार. असं उत्तर द्यायला नको होतं.

७ मार्च

योगिनीनं पिनांचे फोटो कुठल्याशा बाजारात टाकले होते, फोनवरच्या. हॉलंडमधल्या एका दुकानानं विचारणा केली. त्यांना स्टोव्हशी घेणं नाही. तिनं एका यंत्राचा व्हिडिओ दाखवला. प्लास्टिकचा दोरा वरून आत जातो, वितळतो, खाली बारीक भोकातून बाहेर येतो आणि थरावर थर बसत वस्तू तयार होते. पाहता पाहता तिथे एक ससा उभा राहिला.

"याला थ्री-डी प्रिंटर म्हणतात. ते खालचं भोक सारखं बुजतं."

"कशानं?"

"जळक्या प्लास्टिकनं."

मी फोन हातात घेतला आणि पुन्हा पाहिलं. तापलेलं पितळी तोंड. मध्ये भोक. भोकात काजळी.

"योगे, हा स्टोव्हच आहे."

ती माझ्याकडे बघून इतकी हसली की चिमणाबाई उठून आली. मग चिमणाबाईनंही पाहिलं. म्हणाली, "आन् ससा कशाला केला?"



१९ मार्च

रंगपंचमी. चिमणाबाई आली नाही. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणाऱ्या लेकाला बघायला गावात गेली. शेडमध्ये दोघंच.

दुपारी योगिनीला फोन आला. बाहेर लिंबाखाली जाऊन बोलली, इंग्रजीत. प्रेस थांबल्यामुळे थोडं ऐकू आलं. "नो, सर." मग बराच वेळ ऐकत राहिली. "आय ॲम शुअर, सर." आणि तीनदा सॉरी म्हणाली. आत आली तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता. उलट कुठून तरी चालत येऊन सावलीत बसल्यासारखी दिसत होती.

हॉलंडवाल्यांशी दर जुळला नसणार. मी तिला समजावलं, की गिऱ्हाईकाला एकदा सॉरी म्हणावं, तीनदा नाही. त्यानं समोरचा चढून बसतो.

"बरं, आप्पा," म्हणाली. "पुन्हा नाही म्हणणार."

२३ मार्च

वत्सलाचं वर्षश्राद्ध. गंगेवर जाऊन आलो. योगिनीनं आईच्या हातच्यासारखी म्हणून आमटी केली. तशी झाली नव्हती. मी दोनदा घेतली.

५ एप्रिल

हॉलंडला नमुने पाठवायचे ठरले. त्यांना तार आमच्यापेक्षा जरा जाड हवी. मी जाड तार जुन्याच डायमध्ये घालून पिना केल्या. योगिनी म्हणाली, खाच खोल करावी लागेल का? मी म्हटलं, गरज नाही.

गरज आहे हे मला ठाऊक होतं. पण खाच एकदा खोल केली की जुनी तार तिच्यात सैल पडते. पुन्हा स्टोव्हची पिन त्या डायवर होत नाही. नवी डाय करून घ्यावी, तर पोलाद कापून देणाऱ्या वायरकटवाल्याकडे दिवाळीपर्यंतची कामं पडलेली.

१४ एप्रिल

नमुन्यांचं पार्सल मुंबईत अडकलं. योगिनीनं कागदावर वस्तूचं नाव सुई असं लिहिलं होतं, कारण हॉलंडवाले तसं म्हणतात. तिकडच्या कस्टमच्या माणसानं ती इंजेक्शनची धरली. दवाखान्याच्या वस्तूंचं प्रमाणपत्र मागतो.

चिमणाबाईला हे कळल्यावर ती कपाळाला हात लावून बसली. "नेढं नाय तर सुई कशाची? दोरा काय दातात धरायचा?"

योगिनीनं फोनवर त्या माणसाला हिंदीत नेढं समजावायचा प्रयत्न केला. त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मला वाटलं हसते आहे. हसत नव्हती.

इतक्या वर्षांची नोकरी, मोठमोठी यंत्रं पाठवली हिनं, आणि बापाच्या एका पिनेपाशी चुकली, असं तिला वाटत असणार. मी म्हटलं, चूक त्या माणसाची आहे. मग चहा केला. साखर दोनदा पडली.

"आप्पा, तुम्ही चिडत का नाही?"

"साखर संपत आली आहे," मी म्हटलं.

२८ एप्रिल

कागद बदलून पार्सल गेलं. पोचलंही. आज उत्तर आलं. तार चांगली, पण मूठ चिरते. पत्र्याला दुमडायला जागा पुरत नाही, म्हणून वापरताना तार फिरते. मूठ घट्ट करून देता आली तर ऑर्डर पक्की. जूनमध्ये माल हवा.

योगिनीनं ते मोठ्यानं वाचलं आणि थांबली.

मी म्हटलं, "करीमभाईंचा माल अर्धाच झालाय."

"हो."

"त्यांना शब्द दिलाय."

"हो, आप्पा."

ती हो म्हणते तेव्हा मला जास्त बोलावं लागतं. मी म्हटलं की गेल्या वर्षभरात त्यांनी एकदाही ऑर्डर कमी केली नाही. तिकडे खेड्यांतून बायका अजून स्टोव्हवर रांधतात. टपऱ्या स्टोव्हवर चालतात. आपण बंद केलं तर त्यांनी काय करायचं? ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. डाय तुमची आहे."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर सोपं झालं असतं.

९ मे

योगिनीनं वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. वर्षाचं. मला कार्ड दाखवलं. सहा महिन्यांचं देतात का ते विचारायला हवं होतं, निदान तीन. जूनमध्ये जायचंय. कंपनीत हजारो नगांचा हिशेब ठेवते आणि स्वतःच्या बाबतीत ही तऱ्हा. तिच्या आईचंही असंच होतं.

कार्ड वाया जाऊ नये म्हणून ती गेल्यावर मीच वापरीन म्हटलं. ती म्हणाली, चालेल.

१२ मे

मागाहून बसनं शेडमध्ये पोचलो तेव्हा योगिनी आधीच येऊन बसली होती आणि फोनवर हिंदीत बोलत होती. मला पाहून म्हणाली, "लो, आ गए," आणि फोन ठेवला. करीमभाई होते. माल कधी निघतो ते विचारत होते म्हणाली. त्यांना घाई नसते कधी. या वेळी का असावी?

१६ मे

आज करीमभाईंचं बोलणं आलं. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. इथे लिहितो, म्हणजे पुन्हा ऐकावं लागणार नाही.

"सावलीरामभाई, बिटिया ने बताया, हॉलंड का काम आया है। मुबारक। अब एक बात बोलता हूँ, बुरा मत मानना। पिन अब यहाँ नहीं जाती। गैस आ गई, सोलर आ गया। मेरे गोदाम में आपकी पिन पड़ी है, मेरे मरने के बाद भी पड़ी रहेगी। मेरा लड़का चार्जर बेचता है, वो हँसता है मुझ पर। भाभी के जाने के बाद मैंने सोचा, आदमी का हाथ चलता रहे तो अच्छा है। बस। अब हाथ को काम मिल गया। ये वाली मत भेजना।"

मध्ये कुठे तरी बांग ऐकू येते. शेवटी नुसता श्वास ऐकू येतो. फोन बंद करायचं विसरले असतील.

मी योगिनीला विचारलं, तुला ठाऊक होतं का? म्हणाली, "मला शंका होती. त्या दिवशी फोनवर मी फक्त हॉलंडचं सांगितलं. बाकीचं त्यांचं ते बोलले."

चिमणाबाई पुठ्ठे लावतच होती. मी तिला थांब म्हणालो नाही. दिवसभर तिनं लावले, दिवसभर मी दाबले. हात चालत होता.

१७ मे

करीमभाईंना उत्तर द्यायचं होतं. फोन तोंडाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. योगिनीनं विचारलं, मी बोलू? मी मान हलवली, नको. शेवटी म्हटलं, "करीमभाई, माणसानं एवढं करू नये." मराठीतच बोललं गेलं. पाठवून टाकलं. त्यांना कुणी तरी समजावून सांगेल, किंवा नाही सांगणार.

एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. माझ्या पिनेला वर्षभर गिऱ्हाईक नव्हतं. एक माणूस होता. मी त्याला मागणी म्हणत होतो. आणि तिला जूनपर्यंत थांबवायला मी जे धरून ठेवलं होतं, ते मुळात धरण्यासारखं राहिलेलंच नव्हतं. ती तरी किती दिवस माझ्या हो ला हो म्हणत बसेल? तिची सुटका करायला हवी. हॉलंडचं काम चिमणाबाई आणि मी रेटू. योगिनीनं घडी बसवून दिली आहे. तिनं जावं.

१८ मे

सुटीचा दिवस. एकटाच शेडमध्ये गेलो. डाय उतरवली, रॉकेल नव्हतं म्हणून डिझेलनं धुतली. जुनी खाच हातानं लागते. नखानं ओळखू येते. तीच खाच घासायला घेतली. घासायला लागल्यावर हात नेहमीसारखा चालला. वाईट वाटेल असं धरून गेलो होतो. वाटलं ते घासून झाल्यावर, जुनी तार ठेवून पाहिली आणि ती खाचेत हलली तेव्हा. इतकी वर्षं ती तिथे हलली नव्हती.

मग जाड तार ठेवली. दाब दिला. मूठ बसली. ओढून पाहिली, पिळून पाहिली. घट्ट.

दारात योगिनी उभी होती. कधी आली कळलं नाही. डबा घेऊन आली होती. तिनं पिन हातात घेतली, उन्हात धरली, आणि माझ्या हातांवरचं डिझेल आपल्या ओढणीनं पुसायला लागली.

"ओढणी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"चांगली आहे."

"आप्पा, गप्प बसा जरा."

११ जून

माल तयार. चिमणाबाई नव्या पुठ्ठ्यांवर खूश आहे. त्यावर काही छापलेलं नाही, पांढरे आहेत. म्हणते, "आता ह्या कशाच्या पिना म्हनायच्या?" मी म्हटलं, सशाच्या.

कागद करायला शेखर आला होता. आमचा माल बंदरावर तोच काढतो. त्यानं बरीच पानं चाळली. "काका, स्टोव्हच्या पार्टमध्ये नाही बसणार हे आता. सुईत टाकलं तर पुन्हा तोच घोळ. आपण ह्याला 'इतर'मध्ये टाकू."

"इतर म्हणजे?"

"म्हणजे... ज्याला स्वतःची ओळ नाही ते."

मला ते लागलं. स्टोव्हच्या पिनेला ओळ होती. शेखर गेल्यावर योगिनीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "नवीन आलेलं सगळं आधी इतरमध्येच असतं, आप्पा. खूप जण करायला लागले की मग ओळ मिळते."

"तोवर?"

"तोवर करत राहायचं."

२१ जून

माल गेला. हॉलंडवाल्यांनी आत्ताच पुढचं विचारलं आहे. अजून बारीक तारेची होईल का, आणि जाडही? योगिनीनं परस्पर कळवून टाकलं, होईल म्हणून. दोन नव्या डाय लागतील. वायरकटवाल्याकडे नंबरही लावून आली. दिवाळीनंतर मिळतील. दिवाळीनंतर त्या प्रेसवर कोण बसवणार, याचा विचार तिनं केलेला दिसत नाही. माझी नजर आता बारीक तारेला पुरत नाही. हे फक्त इथे लिहितो. जाण्याच्या आधी तिला कशाला टोचणी.

२९ जून

आज बोलायचं ठरवूनच जेवायला बसलो.

म्हटलं, "उद्या तुझी रजा संपते."

"हो."

"पिना बंद झाल्या. म्हणजे जुन्या. नव्याचं तू सगळं लावून दिलंयस. आता तू मोकळी आहेस. माझं बघत बसू नकोस."

तिनं भाकरी मोडली. "मला मोकळं व्हायचंय असं कोण म्हणालं?"

"पुण्याची जागा आहे ना तुझी?"

"ती भरली त्यांनी. केव्हाच."

मला राग आला. माणूस रजेवर असताना त्याची जागा भरतात? असल्या कंपनीशी भांडायला हवं होतं. मी तसं म्हटलं. म्हटलं, नियम असतात, तू साहेबांशी बोलायला हवं होतंस.

"बोलले की. रंगपंचमीच्या दिवशी."

"मग?"

"मग काय. तीनदा सॉरी म्हणाले."

मी घास हातात धरून बसलो. ती खाली बघून जेवत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसे. पण हे खोटं नव्हतं. उलटं काही तरी होतं. त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"तुम्ही हाकललं असतंत."

हे खरं आहे. त्याच दिवशी एसटीत बसवून दिली असती.

"आता हाकलून दाखवा," ती म्हणाली. "दोन डाय सांगून ठेवल्यात."

मी आमटी मागितली. तिनं वाढली.

जेवण झाल्यावर मधल्या खोलीतलं वत्सलाचं कपाट उघडलं. खालचे तीन कप्पे रिकामे केले. पातळं एकात एक घालून पेटीत ठेवली. वरच्या कप्प्यात तिची पैठणी आणि दोन-तीन नेहमीची आहेत, त्यांना हात लावला, मग थांबलो.

योगिनी दारात आली. "हे काय?"

"कपडे ठेव यात. बॅगेत चुरगळतात."

ती कपाटासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "वरचा कप्पा तसाच राहू द्या, आप्पा. माझा हात नाही पोचत तिथे."

पोचतो. ती माझ्याहून उंच आहे.